माळ उतरली, कावीळ नाही

दादांना रात्रभर खाज सुटायची. खोबरेल चोळलं, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, तरी पहाटे बघावं तर ओट्यावर बसून पोटऱ्या खाजवायलेत. डोळे हळदीसारखे पिवळे. पोट मात्र अजिबात दुखत नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त.

गंगाखेडकडच्या आमच्या गावात कावीळ झाली की डोक्यावर माळ घालतात. ओल्या काड्या वाळल्या, गाठी सैल झाल्या, माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली. "माळ उतरली, आता कावीळ उतरतीच," म्हणाले सगळे. मी आठवीला विज्ञान शिकवतो. मीही गप्प बसलो. पाच आठवडे गेले. लघवी गुळाच्या चहासारखी अन् संडास पांढऱ्या मातीसारखी होतेय, हे दादांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

संभाजीनगरला सीटी स्कॅन झालं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. पित्ताची नळी तिथूनच आतड्यात उतरते, ती गाठीनं दाबली होती, म्हणून पित्त आतड्यात उतरत नव्हतं अन् संडास पांढरी. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साचणारं पिवळं द्रव्य, 19.4.

"लवकर आले असते तर थेट ऑपरेशनला घेतलं असतं," सर्जन मॅडम म्हणाल्या. त्याचा अर्थ मला नंतर वॉर्डात रात्री जागताना वाचून कळला. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एक अभ्यास छापला होता. दादांसारखेच, गाठीमुळे कावीळ झालेले 202 रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाचं आठवड्याभरात ऑपरेशन. दुसऱ्याला आधी स्टेंट, म्हणजे पित्ताची नळी उघडी ठेवणारी बारीक नळी, घालून 4 ते 6 आठवडे थांबवलं. गंभीर त्रास थेट ऑपरेशनवाल्यांत 39 टक्क्यांना झाला, स्टेंटवाल्यांत 74. आधी पित्त मोकळं करावं, मग कापावं, ही कुणालाही पटणारी गोष्ट. प्रत्यक्षात स्टेंटमुळे पित्ताच्या नळीत जंतू शिरतात, ताप येतो. पण त्या अभ्यासात घेतलेल्यांचं बिलिरुबिन जास्तीत जास्त 14.6 च्या आसपास होतं. दादा ती रेघ घरी, माळ घालून बसलेले असतानाच ओलांडून गेले होते.

म्हणून स्टेंट घालावाच लागला. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. पाच आठवड्यांनी व्हिपल ऑपरेशन झालं: स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा सुरुवातीचा भाग काढला, मग तीन जोड. स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक, तो गळतोय का ते बघायला तिसऱ्या दिवशी पोटातल्या नळीचं पाणी तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत मी त्या पिशवीकडेच बघत होतो. जोड धरला होता. दादा आता केमोसाठी दर पंधरा दिवसांनी जातात.

मागच्या मंगळवारी शेजारच्या काकूंचे डोळे पिवळसर दिसले. संडासचा रंग विचारला तर पदर तोंडाला लावून आत गेल्या. मग त्यांच्या सुनेला विचारलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघींना परभणीला, रक्त तपासायला पाठवलं.