जिन्याखालची खोली

नागपूरच्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी पाचशे शब्द पाठवा, असा निरोप होता. जास्त झाले आहेत, माफ करा. आमच्या मराठीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘कापायचं ते तूच काप, माझ्याजवळ कात्री नाही.’

मैदान, गॅदरिंग, दहावीचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला जिन्याखालच्या खोलीवर लिहायचं आहे. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या जिन्याखाली तिरप्या छताची ती खोली होती. उंच मुलं वाकून आत जात आणि बाहेर येताना हमखास डोकं आपटून घेत. आत दोन टेबलं, चार खुर्च्या. त्यातली एक तीन पायांची, भिंतीला टेकवलेली. किल्ली शिपाईकाकांच्या कमरेला. मधल्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि उरलेली वीस मिनिटं तिथं बसायचं. टेबलाच्या या बाजूला नववीतली आम्ही सहा-सात मुलंमुली, त्या बाजूला पाचवी ते आठवीतलं वही घेऊन आलेलं कुणीही. निबंध, पत्र, वक्तृत्व स्पर्धेचं भाषण, हस्तलिखितासाठी केलेली कविता, काय वाट्टेल ते. १९८७ साली मी नववीत गेलो त्याच्या आधीपासून हे चालू होतं. पाटी कधी लागली नाही. सगळे ‘खोली’च म्हणत.

मराठीच्या बाई कोपऱ्यात बसून आपल्या वह्या तपासत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराही नियम, १९६२चे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, त्यांना पाठ होते. ‘परीक्षा’तली री दीर्घ का, तर परि अधिक ईक्षा, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पण खोलीत लाल पेन आणायला त्यांची बंदी होती. दुसऱ्याच्या वहीला आम्ही हात लावायचा नाही. ज्याची वही त्याच्याच हातात पेन, आणि आधी त्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुष्कळदा वाचतावाचता पोरगं स्वतःच अडखळे, ‘काऊन लिहिलं असं मी?’ म्हणून डोकं खाजवे आणि आमचं काम तिथंच आटोपे.

सहावीतला एक मुलगा ‘माझा आवडता सण’ घेऊन आला तो दिवस मला अजून दिसतो. निबंध दिवाळीवर होता. पणत्या, फराळ, आबालवृद्धांच्या आनंदाला उधाण. सगळं गाईडातलं, स्वल्पविरामांसकट. मी विचारलं, ‘तुमच्या घरी फराळाला काय करतात रे?’ तो बराच वेळ टेबलावरची शाई नखानं खरवडत बसला. मग म्हणाला, ‘दादा, मला दिवाळी नाही आवडत. मारबत आवडते.’ मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायला नागपुरात मिरवत नेतात ते मोठे पुतळे, एक काळी, एक पिवळी. हा राहायला जगनाथ बुधवारीत. म्हणजे पिवळी मारबत याच्या शेजारातून निघते आणि हा दिवाळीवर लिहून राहिला होता!

मग तो सांगत सुटला. तान्ह्या पोळ्याचा दिवस, बाबांचा हात, गर्दी, बडगे म्हणतात ते पुतळे, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, आणि काळी-पिवळी समोरासमोर आल्यावर झालेल्या रेटारेटीत गेलेली डाव्या पायाची चप्पल. एका चपलेनं घरी आला तेव्हा आई म्हणाली होती, ‘इडापिडेसंगं चप्पलही गेली का?’ मी म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं, ‘लोक ओरडून राहिले होते.’ मी शहाणपणानं म्हणालो, ‘ओरडत होते.’ त्यानं बदललं, परत वाचलं, आणि दोघांनाही कळलं की गर्दी पांगली. कोपऱ्यातून बाई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या. ‘बाबा काय म्हणाले होते तुला?’ पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांतच मुभा आहे, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. शेवटी त्याच्या वहीत आलं: बाबा म्हणाले, ‘हात सोडू नको बे, लोक रेटून राहिले.’ १८८५पासून पिवळी निघते, हे वाक्य त्यानं दुसऱ्या दिवशी बाबांना विचारून आपणहून घातलं.

सांबाराचा किस्साही असाच. एका मुलीचा निबंध पुण्याच्या स्पर्धेला जायचा होता आणि त्यात तिची आजी बाजारातून सांबार आणत होती. पुण्याचे परीक्षक म्हणणार, आजीनं इडली कुठं ठेवली? कोणी म्हणालं, कोथिंबीर कर. ती अडून बसली, आजी कोथिंबीर म्हणतच नाही. सांबार राहिला, पुढं एक वाक्य वाढलं. बक्षीस मिळालं नाही. असो.

माझ्या हातून एकदा चूक झाली तीही लिहितो. एक ऑगस्टच्या टिळक पुण्यतिथीसाठी सातवीतल्या एका मुलीचं भाषण मी अख्खंच्या अख्खं लिहून दिलं. घाई होती, आणि खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं. ती व्यासपीठावर ‘अनन्यसाधारण’पाशी अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली, आणि खाली उतरली. मी रांगेत उभा राहून पायाकडे बघत होतो. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. खोलीत एक नोंदवही असे: तारीख, नाव, इयत्ता, काय विचारलं, काय ठरलं. त्या तारखेपुढं दोनच शब्द होते. ‘भाषण कोणाचे?’ ती मुलगी पुन्हा खोलीत आली नाही.

१९९८ साली मी एमएससाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला गेलो. प्रबंधाचा मसुदा घेऊन तिथल्या रायटिंग सेंटरमध्ये भीतभीतच शिरलो. १९६९पासून चालू असलेलं केंद्र, हेलन सी. व्हाइट हॉल नावाच्या इमारतीत, बाहेर मेंडोटा तलाव, तोही गोठलेला. नागपूरच्या फुटाळा तलावाची सवय असलेल्या माणसाला तलावावरून लोक चालताना बघणं जरा जडच जातं. समोर बसलेली मुलगी स्वतः इंग्रजीत पीएचडी करत होती. कागद तिनं माझ्याकडेच सरकवला आणि म्हणाली, मोठ्यानं वाच. मला हसू आलं. का, ते इंग्रजीत सांगता येईना.

पुढं कळलं की असं समोर बसून ऐकणाऱ्यांचं नंतर काय होतं, यावर त्या लोकांनी अभ्यासही केला आहे. विस्कॉन्सिन, मार्केट (Marquette) आणि मेन या तीन विद्यापीठांतल्या १२६ माजी मार्गदर्शकांना विचारून २०१०मध्ये तो छापला. नोकरीत, घरात, सगळीकडे ऐकून घ्यायची सवय बरोबर गेली, असं त्यांनी सांगितलं. आमचा आकडा एवढा मोठा नाही. नाताळच्या सुट्टीत एका रविवारी जुने खोलीवाले शाळेत जमतात, कधी नऊ, कधी पंधरा. तर्री-पोहे शिपाईकाका आणत. आता त्यांचा मुलगा आणतो. एकजण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात स्टेनो होता, एकीनं आयुष्यभर नर्सिंग केलं. ती म्हणते, पेशंट बोलत असताना मी केसपेपरवर पेन टेकवत नाही, आधी पुरतं ऐकते. गोंदियाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत असलेल्या एकानं वऱ्हांड्यात अशीच दोन टेबलं टाकली आहेत. आणि सगळेच असे निघाले असंही नाही. आमच्यातला एकजण आजही कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

गेल्या वर्षी खोली उघडून घेतली. आत खोक्यांत जुने कॉम्प्युटर आहेत. तीन पायांची खुर्ची दिसली नाही. कपाटात नोंदवह्या मात्र होत्या, कोपरे वाळवीनं खाल्लेल्या. १९८८च्या जुलैतलं एक पान बाईंच्या अक्षरात होतं: ‘पाऊस. कोणी आले नाही. आम्हीच एकमेकांचे वाचले.’ त्या दिवशी मी काय वाचलं होतं, किती आठवलं तरी आठवेना.

स्मरणिकेची मुद्रितं तपासायचं काम नागपूरच्या महाल भागात छापखाना असलेल्या आमच्याच एका खोलीवाल्याकडे आहे. त्याला विनंती: हे मी घरी मोठ्यानं वाचून पाहिलं आहे. मारबतीच्या परिच्छेदातलं ‘लिहून राहिला होता’ कुणा पात्राच्या तोंडचं नाही, माझंच आहे. तसंच ठेव बे.