दीड माणसाचं घर

मे महिन्यात दुपारी अडीच-तीनला माथेरानच्या डोंगरावर ढग जमायला लागले, की पायथ्याच्या घरांतून ठरलेली धावपळ सुरू होते. आधी राउटरची पिन उपसायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज काही बटण बघून येत नाही. मग पंप बंद, मग दोरीवरचे कपडे, आणि हे उरकलं की फोन हातात घेऊन मुंबईला गेलेल्या माणसाला एकच प्रश्न: आज कुठली लोकल?

मुंबई सोडून माथेरानच्या पायथ्याशी नेरळ-कळंब रस्त्याला घर केलं, तरी दोघांपैकी एकाची नोकरी बहुधा फोर्टातच राहते. नेरळ ते सीएसएमटी साधारण 86 किलोमीटर. दोन तास जायला, दोन यायला. कामाचे 250 दिवस धरले तर वर्षाला 1000 तास, म्हणजे जवळजवळ 42 अहोरात्र रुळांवर. प्लॉट दाखवणारा एजंट यातलं काही बोलत नाही, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ एवढंच सांगतो. ती दहा मिनिटं फेब्रुवारीतली असतात.

नवख्याला फास्ट लोकलचा फार भरवसा. पण नेरळवरून पुढे जाणारी कर्जत फास्ट ही कल्याणपर्यंतच फास्ट. पुढे विठ्ठलवाडीपासून ती प्रत्येक स्टेशनात थांबते, आणि पुण्याच्या गाड्याही त्याच मार्गावरून काढायच्या असल्याने मध्येच उभीही राहते. कर्जत चुकली तर नेरळच्या अलीकडेच संपणारी बदलापूर लोकल पकडावी का, यावर डब्याडब्यात मतं आहेत. माझं मत, पकडू नये. मागून पुढची कर्जतच यायची असते, तोवर बदलापूरच्या फलाटावर डासांची सोय होते. अपवाद एकच: स्लो कर्जत नुकतीच सुटलीय आणि फास्ट बदलापूर लागलीय, तर कल्याणला तिला गाठता येतं.

घरी राहणाऱ्याचं घड्याळ मात्र बदलापूरवरच चालतं. ‘बदलापूर सुटलं’ असा मेसेज आला की तांदूळ धुवायचे. वांगणी, शेलू, नेरळ ही वीसेक मिनिटं. पार्किंगमधून स्कूटर काढून सीट पुसायला पाच, वर रस्ता. कुकर शेलूला लावावा. बदलापूरलाच लावला आणि तांदूळ इंद्रायणी असला, तर माणूस दारात येईपर्यंत भाताची ढेप होते. कोलम जरा सोशिक. भाजीची गंमत वेगळीच. लोकांना वाटतं, गावात ताजी भाजी. पावसाळ्यात बाजारात बसलेल्या बायकांकडे शेवळं, टाकळा, भारंगी मिळते, तेवढं खरं. एरवीची गवार कल्याणला घेतलेली असते आणि लेडीज डब्यात अंबरनाथ येईतो निवडूनही होते.

इन्व्हर्टर हे खातं घरी राहणाऱ्याकडे असतं. 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) बॅटरीवर दोन जुने पंखे, दोन एलईडी आणि राउटर मिळून सात-आठ तास निघतात. फ्रिज लावला की हिशेब कोसळतो. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघायची आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बोअरचं पाणी घातलं की क्षार प्लेटांवर बसतात, आणि भर जूनमध्ये बॅटरी तासाभरात मान टाकते. यातलं जाणाऱ्या माणसाला काही ठाऊक नसतं. ते अंधारात निघतं, अंधारात येतं. आंब्याला मोहोर आलेला त्याला कळतो तो रविवारी, तोही शिडी धरायला बोलावलं म्हणून. कारण कौलं चाळायची ती रविवारी, टाकी धुवायची ती रविवारी, आणि ‘तुमचं गावचं घर बघायला येतो’ म्हणणारे पाहुणेही रविवारी. रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक नेमका त्याच दिवशी असल्याने पाहुण्यांचं कधी कधी निभावून जातं.

पावसाळ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात रूळ उल्हास नदीच्या अंगाने जातात. 26 जुलै 2019 च्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच टप्प्यात पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. म्हणून दोघांनी नियम आधीच ठरवून ठेवावा, ऐन वेळी फोनवर वाद घालू नये. वांगणीला पाणी चढतंय असं दुपारी कळलं, तर संध्याकाळची कर्जत पकडायचीच नाही. ‘बघू, कल्याणपर्यंत तर जाऊ’ म्हणून निघालेलं माणूस रात्र डब्यात काढतं, फोनची बॅटरी संपते, आणि इकडे गावात लाइटही नसते आणि नेटवर्कही. कपड्यांचा एक जोड, चार्जर आणि रोजच्या गोळ्या डोंबिवलीला मावशीकडे ठेवून द्याव्यात. डोंबिवलीत मावशी नसेल, तर आधी ती शोधावी, मग प्लॉट.