५८ सीसी क्लोन चेनसॉ अपडेट: गरम झालं की मरायचं कारण सापडलं

फ्लायव्हीलच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे इंजिनचा दांडा बाहेर येतो तिथली हवा अडवणारी रबरी कडी! कार्ब (कार्बुरेटर) नाही, कॉइल नाही, टाकीचा व्हेंटही नाही. माझी क्लोन चेनसॉ, म्हणजे नामांकित मशीनच्या रचनेवरून केलेली स्वस्त करवत, तापली की बंद पडते असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. त्यावर ज्यांनी ‘हे मशीन कुठून तरी हवा ओढतंय’ असं ठासून सांगितलं होतं, त्यांचं निदान बरोबर निघालं. काल वडोदऱ्याकडच्या पादऱ्याजवळच्या वाडीत कडुलिंबाची अख्खी फळी उतरली आणि मशीन मध्ये एकदाही बंद पडलं नाही. आनंद ताजा आहे तोवर सगळं लिहून काढतो, कारण या एका सीलमुळे ब्रँडबद्दलचं माझं मत पक्कं झालंय आणि मोठी ७० सीसीची चेनसॉ घेण्याचा बेतही हललाय.

लक्षण पुन्हा थोडक्यात. थंड मशीन झटक्यात चालू व्हायचं, फांद्या आणि आडवे काप मजेत करायचं. मिलवर, म्हणजे खोड उभं फाडून फळ्या काढायच्या चौकटीवर, चढवलं की फळीचा तिसरा हिस्सा जेमतेम कापून व्हायचा, तेवढ्यात आवाज बारीक आणि तीक्ष्ण व्हायचा. थ्रॉटल सोडला तरी आयडल (इंजिनचा रिकामा वेग) खाली यायचा नाही, चेन फिरतच राहायची आणि मग मशीन गप्प. पूर्ण निवेपर्यंत दोरी कितीही ओढा, उत्तर नाही. आडव्या कापात मशीनला मधेमधे उसंत मिळते. उभं फाडताना मिनिटामागून मिनिटं पूर्ण थ्रॉटल असतो, म्हणून जे दुखणं एरवी लपतं ते मिलवर बाहेर येतं.

कार्ब, प्लग, फिल्टर आणि पेट्रोलच्या नळ्या बदलून झाल्या होत्या. कॉइलची फट ०.३ मिमी लावून पाहिली होती. नळ्यांचा खर्च मी वाया गेला असं म्हणणार नाही. ई-२० पेट्रोलमध्ये स्वस्तातलं रबर लवकर खराब होतं, आणि क्लोनबरोबर आलेल्या नळ्या तशाही कडक झाल्या होत्या. ज्यांचं मशीन महिनोन्‌महिने पडून असतं त्यांनी टाकी रिकामी करून ठेवावी, हे मी परत परत सांगत राहणार.

आता मुख्य मुद्दा. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळतं. जादा हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे तेल कमी आणि उष्णता जास्त. असं चालवत राहिलं तर पिस्टन खरवडून निघतो. म्हणून सगळ्यात आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन पाहिला. रिंगखालची बाजू गुळगुळीत, एकही उभा ओरखडा नाही. तेव्हाच ठरवलं की हे इंजिन भंगारात द्यायचं नाही.

इंजिन कुठून हवा ओढतंय ते शोधायच्या प्रेशर-व्हॅक्यूम टेस्टसाठी गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप वापरला, गेजवाला. सायलेन्सरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून बोल्ट आवळले, कार्बच्या जागी तसाच दुसरा तुकडा, आणि पंपाची नळी इम्पल्सच्या निपलला, म्हणजे क्रँककेसमध्ये (दांड्याभोवतीच्या इंजिनच्या खोक्यात) उघडणाऱ्या तोंडाला. अर्धा बार दाब भरला. काटा हलला नाही. साबणाचं पाणी सगळीकडे फासलं, एक बुडबुडा नाही. मग अर्धा बार व्हॅक्यूम ओढला. तोही टिकला. बरेच जण इथे थांबतात आणि परत कार्बकडे वळतात.

पण आपलं मशीन थंडपणी मरतच नव्हतं! म्हणून हीट गनने क्रँककेस हात लावता येणार नाही इतका तापवला आणि तीच टेस्ट परत घेतली. दाब पुन्हा टिकला. व्हॅक्यूम मात्र काटा बघता बघता शून्यावर.

दाब टिकतो आणि व्हॅक्यूम जातो, याला कारण आहे. सीलचा ओठ असा वळवलेला असतो की आतून दाब आला की तो दांड्यावर आणखी आवळला जातो आणि आतून ओढ लागली की उचलला जातो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ, खाली येताना दाब, हे प्रत्येक फेऱ्याला चालू असतं. नुसत्या दाबाची टेस्ट घेणारा निम्मीच टेस्ट घेतो.

व्हॅक्यूममध्ये बुडबुडे दिसत नाहीत, मग गळती शोधायची कशी? फ्लायव्हील काढलं. प्लगच्या भोकातून दोरी सोडून पिस्टन अडवायचा, नट सैल करायचा आणि फ्लायव्हीलला हलका झटका द्यायचा. पुलरची (ओढून काढायच्या हत्याराची) गरज पडली नाही. मग दांड्याभोवती सीलच्या ओठावर टू-टी तेलाचा बारीक गोल काढला, केस परत तापवला आणि पंप मारला. टॉर्चच्या उजेडात तेलाचं हिरवं कडं चकाकत होतं. पंप तिसऱ्यांदा दाबला तसं घड्याळात जिथे पाच असतात, बरोबर त्या जागी ते कडं तुटलं आणि तेल ओठाखाली आत शिरलं. दांडा हाताने थोडा फिरवला तरी तीच जागा. म्हणजे दोष दांड्यात नाही, सीलमध्येच. इतके दिवस ज्याच्या मागे होतो ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. या छंदात यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

सील उपसून पाहिलं तर ओठ एका बाजूला घासून चकचकीत झालेला, आणि ओठाला दांड्यावर दाबून धरणारी आतली बारीक स्प्रिंग ढिली. गार असताना कडक रबरच कसंबसं काम भागवत होतं. तापून रबर मऊ पडलं की धरून ठेवायला मागे कोणी नाही.

आता सपोर्टची गोष्ट. ऑनलाइन विक्रेत्याला फोटो आणि माप पाठवून सील मागितलं. उत्तर आलं की सील सुटं मिळत नाही, पूर्ण क्रँककेस घ्या. पुन्हा विचारलं तर त्यांनी कार्ब पाठवला. अशा विक्रेत्याकडून मी पुढे प्लगही घेणार नाही. मग व्हर्नियर लावला. दांडा १५ मिमी, बाहेरचा व्यास आणि जाडीही पूर्ण मिलिमीटरमध्ये. मापं कागदावर लिहून स्टेशनजवळच्या बेअरिंगच्या दुकानात गेलो. मी मशीनची हकीकत सांगायला लागलो, तर काउंटरवरचे काका म्हणाले, ‘कंपनी छोडो ने भाई, साइझ बोलो.’ साइझ बोललो. त्यांनी दोन डबे पुढे ठेवले, एकात काळी नायट्राइल, दुसऱ्यात तपकिरी व्हायटॉन. १५ मिमीचा दांडा १०,००० आरपीएमला फिरला की ओठाखालचा वेग सेकंदाला जवळजवळ ८ मीटर होतो, आणि वर ती उष्णता. नायट्राइल साधारण १००-१२० अंशांपर्यंतच धड राहतं, व्हायटॉन २०० पर्यंत. किमतीतला फरक दोन कप चहाइतका. व्हायटॉनच घेतलं, आणि तेही दोन्ही बाजूंसाठी. क्लचचा आटा उलटा असतो एवढं लक्षात ठेवून ती बाजूही उघडली. सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला थोडं तेल, आणि ठोकायला बाहेरच्या व्यासाला जुळणारा सॉकेट.

गरम केसवर पुन्हा टेस्ट: दाब टिकला, व्हॅक्यूम टिकला. कार्बचं ट्यूनिंग पहिल्यापासून केलं, कारण जुनी सेटिंग गळती धरून केलेली होती. मिलिंगसाठी एच स्क्रू (पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणारा) थोडा रिच ठेवतो, म्हणजे पेट्रोल जरा जास्त. टॅकोवर (फेरे मोजायच्या मीटरवर) रिकाम्या मशीनला १०,००० च्या आसपास फोर-स्ट्रोकिंगचा, म्हणजे जादा पेट्रोलमुळे अडखळत जळण्याचा, भरडा आवाज हवा, तो लाकडात शिरल्यावर साफ झाला पाहिजे. तेल जेएएसओ या जपानी मानकातल्या एफडी ग्रेडचं. स्कूटरचं साधं टू-टी मिलवर वापरू नका.

काल खोडाची पहिली फळी अॅल्युमिनियमच्या शिडीवरून मिल सरकवत काढली. बारच्या (चेन फिरते त्या पट्टीच्या) टोकाला तेल कमी पडतं, त्यासाठी मेडिकलमधून सलाइनचा सेट आणून मिलच्या दांडीला बाटली टांगली आहे आणि रोलरने थेंब जमवला आहे. बाजारातल्या ऑक्झिलरी ऑयलरपेक्षा हा कुठेही कमी नाही. फक्त जळकं इंजिन ऑइल त्यात घालू नका. त्यातला धातूचा चुरा बार खातो, आणि तेच तेल हातांवर नि फळीवर येतं. फळी उतरल्यावर थ्रॉटल सोडला, आयडल खाली आला आणि चेन थांबली. हे मला किती दिवसांनी बघायला मिळालं!

आता ब्रँड. मोठ्यांचं मोठेपण खोटं नाही. स्टिल १९२६ पासूनची आहे, हुस्क्वार्ना १९५९ पासून चेनसॉ बनवतेय. पण आपल्या कामात त्यांचा खरा फायदा म्हणजे पार्ट्सचा नकाशा, कुठला भाग कुठल्या नंबरचा ते सांगणारी यादी. स्टिलच्या पार्ट नंबरचे पहिले चार आकडे घराणं सांगतात. १११९ म्हणजे ०३८ या मॉडेलचं घराणं, आपल्याकडचं ७२ सीसीचं एमएस ३८२ त्यातलंच. ११२२ म्हणजे ०६६ आणि एमएस ६६०. ९ ने सुरू होणारे नंबर म्हणजे सील, बेअरिंग, नट असे अनेक मॉडेलांना चालणारे भाग. माझा सीलचा प्रश्न तिथे काउंटरवर एक नंबर सांगून मिटला असता. त्या सोयीचे पैसे ते घेतात आणि ते रास्त आहेत. ज्याचं पोट करवतीवर चालतं त्याने तेच घ्यावं.

छंदवाल्यांसाठी हिशोब वेगळा. मोठ्या ब्रँडच्या ७० सीसीच्या किमतीत असे चार-पाच क्लोन येतात. पण कुठलाही अनोळखी ब्रँड घेऊ नका. नाव बाजूला ठेवा आणि खानदान विचारा. ४५००, ५२००, ५८०० ही चिनी मशिनं जपानी झेनोआ कंपनीच्या रचनेवरून आलीत. तीच झेनोआ २००७ मध्ये हुस्क्वार्नाने घेतली. त्यामुळे स्टिकर कुठलंही असो, या मशिनांचे बरेचसे भाग एकमेकांना चालतात. स्टिल एमएस ६६० किंवा हुस्क्वार्ना ३७२ वरून केलेले क्लोनही तसेच, त्यांना मूळ ब्रँडच्या पार्ट लिस्टचा आधार असतो. डीलर नसला तरी अशी मशिनं अनाथ नाहीत. ज्याचं कूळच कळत नाही, ते अर्ध्या किमतीत मिळालं तरी महाग. मधली वाटही आहे, किसानक्राफ्टसारखे देशी ब्रँड. शेतीच्या अवजारांच्या दुकानात जाऊन समोरासमोर बोलता येतं. पण पैसे देण्याआधी डिस्काउंट न मागता पार्ट्सचा नकाशा मागा आणि सील सुटं मिळतं का ते विचारा. आणि लेबलवरच्या सीसीवर विसंबू नका. माझ्या मशीनवर ५८ छापलंय, बोअर ४५.२ आणि स्ट्रोक ३४ मिमी मोजला तर साडेचोपन्न भरतात.

७० सीसीचं सांगायचं तर मी जवळपास ३८२ वर आलो होतो, मधे ६६० चा क्लोनही डोक्यात होता. पण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली. २० इंची बार मिलमध्ये अडकवल्यावर कापायला १६ इंचच उरतात, आणि माझी खोडं १४-१५ च्या वर क्वचित जातात. मग ताकद वाढवण्याऐवजी काप अरुंद का करू नये? आत्ता ०.३२५ इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराची) चेन आहे. तिच्या जागी ३/८ लो प्रोफाइल ही अरुंद काप घेणारी चेन आणि तिला जुळणारा बार घातला तर भुसा कमी, इंजिनवरचा भार कमी, आणि फळीही जास्त साफ. स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) ड्रम बदलावा लागेल. झेनोआ घराण्यासाठी तो मिळायला हवा. नाहीच मिळाला तर वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथवाल्याकडून जुन्या ड्रमवर जमवता येतं का पाहतो. क्लच आणि ड्रमचा तोल सांभाळूनच, त्या वेगावर तिथे जुगाड नको.

म्हणजे मोठी खरेदी सध्या थांबली. लो प्रोफाइलची चेन मागवलीय. आली की दातांचा ३० अंशांचा कोन ४ मिमीच्या कानशीने १० वर आणून ती फाडणीची करायची आहे. कोणी हा ड्रम बदलला असेल तर क्लचमागे वॉशर लागतो का तेवढं कळवा. खोडाचा अर्धा भाग मुद्दाम ठेवलाय, त्याच्या फळ्या दोन्ही चेननी आळीपाळीने काढून वेळ आणि पेट्रोल दोन्ही मोजणार आहे.