दोन्हीकडची पाहुणी

मंदार आज सहज बोलून गेला. "तू रीडिंग नको घेऊस, तू कॅल्क्युलेशनला बस. तुझं तेच आहे ना."

फिजिक्सचं न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल होतं: सपाट काचेवर फुगीर लेन्स ठेवली की मधल्या हवेच्या थरामुळे काळी-उजळ वर्तुळं दिसतात, त्यांचे व्यास मोजायचे. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून क्रॉसवायर विसाव्या काळ्या रिंगवर आणली होती, आता व्हर्निअर, म्हणजे बाजूची बारीक मोजपट्टी, वाचणार, तेवढ्यात हे. मी उठले. काही न बोलता उठले, ह्याचंच आता जास्त वाईट वाटतंय.

त्याचा हेतू वाईट नव्हता. माझे विषय फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही, तरी बॅचमध्ये सगळ्यांचं तेच म्हणणं असतं: मॅथ्सवाली आहे, आकडे तिच्याकडे द्या. गंमत म्हणजे दुपारी मॅथ्सच्या लेक्चरला मी ताणलेल्या तारेबद्दल विचारलं, तर सर म्हणाले, "ते फिजिक्सवाल्यांना विचार," आणि वर्ग हसला. सकाळी फिजिक्सच्या मॅडम त्याच तारेच्या फूरिये सिरीजच्या, म्हणजे साइन-कोसाइनच्या न संपणाऱ्या बेरजेच्या, सिग्माच्या आत बिनदिक्कत इंटिग्रेशन घेऊन गेल्या होत्या. सरांनी अख्खा तास, असं आत जाता येतं का आणि कधी, ह्यावर घालवला. एकच सिरीज. मला दोन्ही तास आवडले, पण हे सांगणार कोणाला? सानिका असती तर... जाऊ दे.

लग्नात दोन्हीकडून आमंत्रण असलेल्या माणसासारखं झालंय. मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा, आणि पंगतीत आग्रह कोणीच करत नाही.

तर बसले कॅल्क्युलेशनला. रीडिंग येईपर्यंत काम काहीच नव्हतं, आणि राग होता. जर्नलमध्ये आपण लिहितो ना, r² = 2Rt − t² (r रिंगची त्रिज्या, R लेन्सच्या वक्रतेची त्रिज्या, t हवेच्या थराची जाडी), इथे t² नगण्य म्हणून सोडून दिला. किती नगण्य? कोणी बघितलंय? लेन्सचा R एक मीटर धरला. विसाव्या रिंगपाशी हवेचा थर दहा वेव्हलेंग्थ जाड, सोडियमच्या प्रकाशाची ती ५८९३ अँगस्ट्रॉम, म्हणजे थर जेमतेम ०.००६ मिलिमीटर. t² सोडल्याने चूक येते दहा लाखांत तीन. मग व्हर्निअर बघितला. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.००१ सेंटिमीटर, रिंगचा व्यास सात मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या वाचण्यातच व्यासाच्या वर्गात हजारात तीनची चूक. हजारपट जास्त! फिजिक्सवाल्यांनी t² टाकला ते योग्यच केलं, पण योग्य का, ते कळायला मॅथ्सवालीला बसवावं लागलं. मंदारला दाखवलं. "भारी," म्हणाला, आणि पुढचं रीडिंग सांगायला लागला.

मगाशी पलंगावर पडून नारळीकरांचा विचार करत होते. केंब्रिजला त्यांनी ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी परीक्षा, केली ती गणिताची, आणि जन्मभर काम केलं विश्वरचनेवर. न्यूटन, डिरॅक, हॉकिंग हे तिघेही तिथल्या ल्यूकेशियन खुर्चीवर, म्हणजे मानाच्या प्राध्यापकपदावर, बसले, आणि ती खुर्ची गणिताची. फूरियेचं तर विचारूच नका. १८०७ साली उष्णतेवरचा निबंध दिला, तर गणिती लॅग्रांजला त्यातल्या सिरीज पटेनात. त्या नेमक्या कधी चालतात हे डिरिश्लेने नीट मांडलं तेव्हा १८२९ साल उजाडलं होतं. फूरियेने काही तोवर उष्णतेची गणितं सोडवायची थांबवली नव्हती. कोणत्या पंगतीत बसायचं ह्याची ह्या मंडळींना चिंता नसावी. अर्थात त्यांना आमच्या कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा नव्हता. त्यात विषयासाठी चौकोन एकच आहे, आणि तोही इतका लहान की 'मॅथेमॅटिक्स' लिहायचं तर अक्षर दाबावं लागेल. 'फिजिक्स' आरामात बसतं. निर्णय असा जागेच्या हिशोबाने घ्यावा का? आईला विचारलं तर ती म्हणेल, नोकरी कशात आहे ते बघ. म्हणून विचारलेलं नाही.

ट्युटोरिअल उद्या द्यायचंय आणि तिसरं गणित अडलंय. तारेचं चित्र काढलं की उत्तर काय येणार ते सरळ दिसतं. दिसतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, असं सर म्हणतील, आणि त्यांचंही खरंच आहे. चित्र मागच्या पानावर काढते. पुढच्या पानावर एप्सिलॉनवाली काटेकोर सिद्धता.