एकोणपन्नासाव्या वर्षी चारचाकी

पुण्यात मुलगी अठराची झाली की तिच्या हातात स्कूटीची किल्ली येते आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. हे आपल्याकडे जुनंच आहे. १९७२ साली फिरोदियांची लूना आली, नंतर ऐंशीच्या दशकात बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, आणि आमच्या आयांच्या पिढीतल्या शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका कुणाची वाट न बघता घराबाहेर पडू लागल्या. चारचाकीचं मात्र तसं झालं नाही. आजही माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत गाडी मुलाला शिकवतात आणि मुलीला सांगतात, "तुला स्कूटी आहे की." गाडी घराची असते, पण ती चालवणारा माणूस एकच. तो गावाला गेला की गाडीवर कव्हर चढतं. म्हणून प्रत्येक सज्ञान माणसाने गाडी शिकावी का, हा प्रश्न मला पडतो.

आमच्याकडेही तेच चाललं होतं. मी कोथरूडला राहते, शाळेत शिकवते, स्कूटर कॉलेजपासून चालवते. यजमानांची बदली नागपूरला झाली. ते महिन्यातून एकदा येणार, तेव्हा गाडी जरा फिरवून आणणार, असं ठरलं. मधल्या काळात बॅटरी उतरायची आणि सोसायटीतल्या कुणाला तरी बोलावून, वायर लावून गाडी सुरू करावी लागायची.

अशातच सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. खरी अडचण नंतर सुरू झाली. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला काही आठवडे कमरेत फार वाकायचं नसतं. रिक्षाचा प्रश्नच नाही, तिच्यात चढायचं म्हणजे पाय उंच उचलून, वाकून आत शिरायचं. गाडीत बसायचीही एक रीत आहे, ती फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला शिकवली. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ रेलती करायची, सीटवर एक प्लास्टिकची पिशवी अंथरायची. माणसाने पाठमोरं होऊन आधी टेकायचं, मग त्या पिशवीवरून अंग सरकवत, वळत, दोन्ही पाय हळूहळू आत घ्यायचे. पिशवीमुळे साडी सीटला अडकत नाही आणि खुब्याला पीळ बसत नाही. याला वेळ लागतो. कॅबवाल्याच्या मागे हॉर्न वाजत असतात, त्याला पुढची फेरी दिसत असते. त्यात त्याचा दोष नाही. पण प्रत्येक वेळी नव्या माणसाला "दादा, जरा थांबा, सीट मागे घ्या," हे सांगताना आईंचा चेहरा पडायचा. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय, असं त्यांना वाटायचं. एकदा परत आल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, खाली आपलीच गाडी उभी आहे ना?"

त्याच आठवड्यात मी क्लास लावला.

दुचाकीचं लायसन्स आधीपासून असल्यामुळे मला लर्निंगसाठी लेखी परीक्षा द्यावी लागली नाही. पहिल्यांदाच लायसन्स काढणाऱ्याला ती द्यावी लागते, पण आता तीही आधार कार्डाच्या आधारे परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवरून घरबसल्या देता येते. मी त्याच पोर्टलवर लायसन्समध्ये चारचाकीचा वर्ग वाढवून घेण्यासाठी अर्ज केला. चाळिशी ओलांडलेली असल्याने डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. हे सगळं एजंटशिवाय होतं, हे मुद्दाम सांगते, कारण मला पहिल्या दिवसापासून प्रत्येकजण एजंटचा नंबर देत होता. सरकारी फी त्या मानाने फारशी नाही. मोठा खर्च क्लासचा.

क्लासचे सर साठीच्या आसपासचे, आधी एसटीवर ड्रायव्हर होते. मोजकं बोलायचे. पहाटे म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रोडवर आम्ही सुरुवात केली. शिकवण्याच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी जिवाला धाकधूक अशी नव्हतीच. कठीण गेला तो हाफ क्लच. स्कूटरवर मूठ पिळली की गाडी पुढे जाते, इतकंच अंगवळणी पडलेलं. इथे डावा पाय हळूहळू वर घेताना एक जागा येते. इंजिनाचा आवाज थोडा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, आणि पायाच्या तळव्याला बारीक थरथर जाणवते. तिथेच थांबायचं. त्याच्यावर गेलात की गाडी गचका खाऊन बंद, त्याच्या खाली राहिलात की जागची हलत नाही. सर म्हणाले, "ताई, रेसला हात लावू नका, सॉरी, पाय लावू नका. नुसत्या क्लचवर गाडी हलवून दाखवा." सपाट रस्त्यावर तेवढंच करत राहिलो. पाऊलभर पुढे, थांब. परत पाऊलभर पुढे, थांब. पोटरी दुखून यायची. पण ती जागा एकदा पायाला कळली आणि पुढचं सगळं सोपं झालं, हे मी अगदी मनापासून सांगते. जे लोक क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून तिसऱ्या गिअरवर पळवतात, त्यांची चढावर तारांबळ उडते.

चढाचा सराव पौड रोडवर, चांदणी चौकाकडे जाताना. तिथे गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून, हाफ क्लचवर इंजिनाचा जोर आला की मग हँडब्रेक सोडायचा. मागे घसरायचं नाही. मागून बस येत असते, तिचा हॉर्न कानात घुसतो. सरांनी एकच गोष्ट बजावली होती, "मागच्याला घाई आहे, ती त्याची. तुमचा पाय तुमच्या गाडीचा." वर्गात पोरांना गणित घालताना मी नेमकं हेच सांगत असते, त्यामुळे मला ते पटकन लागू पडलं.

टेस्ट भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर झाली. नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्याबरोबर रांगेत बहुतेक वीस-बाविशीची मुलं आणि एक आजोबा, नातवाच्या गाडीतून आलेले. आठचा आकडा, रिव्हर्स, चढ. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग किती फिरवायचं याचा हिशेब डोक्यात न ठेवता मागच्या चाकाकडे आरशातून बघत राहायचं, हे सरांनी घोटून घेतलं होतं. झाली टेस्ट. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ज्याचा सराव झाला आहे त्याला ती अवघड नाही आणि ज्याचा झालेला नाही त्याला ती अवघड असायलाच हवी.

खरं शिकणं लायसन्सनंतर सुरू होतं. क्लासची गाडी वेगळी, आपली वेगळी. आपल्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशी ब्रेक नसतो. यजमान सुट्टीवर आले तेव्हा त्यांना शेजारी बसवून नळ स्टॉप, कर्वे रोड, गर्दीच्या वेळचा सिंहगड रोड असं सगळं फिरले. हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प मी त्यांना घेऊन आधी दोनदा चढून-उतरून आले, कारण तिथे वळण आणि चढ एकदम येतात आणि बरोबर आई असताना तो पहिल्यांदा करायचा नव्हता.

मग आईंना घेऊन गेले. सीट मागे, पिशवी अंथरलेली, सोसायटीच्या पोर्चमध्ये गाडी बंद करून आम्ही हवा तेवढा वेळ घेतला. त्या बसल्या, पट्टा लावला, आणि रस्ताभर मला कुठे खड्डा आहे ते सांगत राहिल्या. फिजिओथेरपी संपवून येताना म्हणाल्या, "जरा डेक्कनवरून घे, कितीतरी दिवसांत नदी पाहिली नाही." कॅब असती तर त्या हे बोलल्याच नसत्या. मला या सगळ्या खटाटोपाचं मोल त्या एका वाक्यात मिळालं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. प्रत्येक सज्ञान माणसाने गाडी शिकावी का? सोसायटीत माझ्याशी लोक वाद घालतात. कॅब आहे, आता मेट्रोही आहे. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज सुरू झाली, ती दोन वर्षांत रामवाडीपर्यंत गेली. मग कशाला शिकायचं, असं त्यांचं म्हणणं. मेट्रो मला फार आवडते. शिवाजीनगर कोर्टाकडे किंवा स्टेशनला जायचं तर मी मेट्रोच घेते आणि गाडी काढणाऱ्याला वेड्यात काढते. पण गाडी शिकणं वेगळं आणि गाडी घेणं, रोज काढणं वेगळं. पोहायला शिकलेला माणूस रोज नदीत उडी मारत नाही. पुण्यात आणखी गाड्या रस्त्यावर याव्यात असं मी कधीच म्हणणार नाही, आहेत त्याच लक्ष्मी रोडला आणि हिंजवडीच्या वाटेवर मावत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की घरात गाडी असेल तर ती एकाच माणसाच्या हातात अडकून राहू नये.

आणखी एक कारण आहे, जे मला शिकल्यानंतरच दिसलं आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाडीच्या आत बसल्यावर रस्ता वेगळा दिसतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्या आड वळणावर एक अख्खी स्कूटर लपते. मी बसून पाहिलंय: म्हात्रे पुलाच्या सिग्नलला उजवीकडे वळताना एक माणूस दुचाकीसकट त्या खांबामागे गेला आणि मी मान पुढे काढेपर्यंत मला दिसला नाही. डाव्या मागच्या दरवाज्याशेजारचा पट्टाही तसाच. आरशातही नाही, डोळ्यांनाही नाही. आणि पुण्यातली दुचाकी नेमकी तिथूनच पुढे घुसते. पावसात काच धूसर झाली, समोरच्याने अप्पर लाइट मारला, की आणखी कमी दिसतं. हे कळल्यापासून स्कूटर चालवताना मी मोठ्या गाडीच्या डाव्या कुशीत एक क्षणही थांबत नाही. पीएमपीची बस वळायला लागली की तिला मोकळं वळू देते, कारण तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत येतं हे आता मला स्टिअरिंगमुळे माहीत आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे फळ्यावर आकृती काढून दाखवते. त्या दोन वर्षांनी स्कूटी चालवणार आहेत. त्यांना गाडी मिळो न मिळो, गाडीतून काय दिसत नाही हे त्यांना ठाऊक असलंच पाहिजे.

पण "प्रत्येकाने" हा आग्रह मी धरणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट्स येतात. लायसन्सच्या अर्जाबरोबर प्रकृतीविषयी जे लिहून द्यावं लागतं, त्यात फिट, अचानक शुद्ध हरपणं याबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. ती हडपसरहून रोज बसने कामावर जाते. बस वेळेवर आली नाही तर तिचा अर्धा पगार रिक्षात जातो. गाडी येणं हीच मोठं होण्याची खूण मानली, तर तिच्यासारख्यांचं, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांचं, वयाने हात थरथरणाऱ्यांचं काय? आईंना तरी आता या वयात कोण शिकवणार? म्हणून ज्याला जमेल त्याने जरूर शिकावं, आणि ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी बस मिळावी, फुटपाथ चालण्याजोगे असावेत. हे दोन्ही मी एकाच तोंडाने मागते. यात मला विरोध दिसत नाही. उलट, जो स्वतः चालवतो त्याने तर बससाठी जास्त ओरडायला हवं, कारण गर्दी किती झाली आहे ते त्याला रोज दिसतं.

आमच्या इमारतीतल्या दोन बायकांनी आता लर्निंग काढलं आहे. एकीचे यजमान बोटीवर असतात, दुसरी एकटीच राहते. क्लास संपल्यावर त्यांना सराव हवा असतो आणि शेजारी लायसन्स असलेलं माणूस. मी रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर बसते. गाडीला मागे-पुढे लाल एल लावतो आणि भूगावच्या दिशेने निघतो. माझी मुलगी पुढच्या वर्षी अठराची होते. तिचे बाबा म्हणतात, आधी स्कूटी. मी त्यांना सांगितलं आहे की दोन्ही वर्गांचं लर्निंग एकाच अर्जात निघतं.