बॉल उजवीकडेच का पळतो?
गोल्फ खेळताना कित्येक महिने मी स्विंगलाच शिव्या घालत होतो, बॉल आपला दरवेळी उजवीकडे. नंतर कळलं की बॉल निघतो कुठे ते मुख्यतः क्लबफेस (काठीचा बॉलला लागणारा सपाट भाग) ठरवतो, स्विंगचा पाथ (काठी फिरते ती वाट) नाही. पाथ आणि फेसमध्ये जेवढा फरक तेवढा बॉल पुढे हवेत वळतो. आणि इम्पॅक्ट, म्हणजे काठी बॉलला टेकते तो क्षण, असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तिथे मनगट फिरवून फेस सरळ करू म्हटलं तर झालंच कल्याण!

म्हणून आता आधी ग्रिप, म्हणजे काठीवरची पकड, बघतो. वरून बघताना डाव्या हाताच्या बोटांची एकच गाठ दिसत होती, हात थोडा उजवीकडे फिरवला, दोन-अडीच दिसायला लागल्या (मी उजवा खेळतो हां) आणि काठी वर गेल्यावर डावं मनगट मागे मोडू देत नाही, कारण ते मोडलं की फेस उघडलाच, म्हणजे उजवीकडे वळलाच. परवा सात नंबरच्या आयर्नने (गोल्फची एक काठी) चार बॉल सरळ, पाचवा चक्क डावीकडे!