जिभेवरच्या पांढऱ्या थराचं निदान: माझा अनुभव

कळायला लागल्यापासून माझ्या जिभेवर पांढरा थर आहे. कधी कमी, कधी इतका की आमटी ओठाला लावायची भीती. आजीचं टंकणखार-मध झालं, जाईचा पाला चावून झाला, मग कॅन्डिड माउथ पेंटच्या बाटल्या. औषध चालू असेपर्यंत बरं, थांबवलं की पुन्हा तेच. हाताची दोन नखं जाड, पिवळी, खडबडीत झाली होती. "पाण्यात हात असतात ना" म्हणून तो विषय संपायचा. स्वच्छतेवरून बोलणी मात्र आईने खाल्ली, त्याचा राग मला अजून आहे.

मोठेपणी नव्या डॉक्टरांकडे गेलं की दोन तपासण्या ठरलेल्या: साखर आणि एचआयव्ही. त्या करायलाच हव्यात, वाद नाही. पण दोन्ही नॉर्मल आल्या की फाइल बंद. एका ठिकाणी तर रिपोर्टवर विश्वास न बसून पुन्हा रक्त घेतलं; तो निगेटिव्ह आला तरी बदललेल्या नजरा काही पूर्ववत झाल्या नाहीत.

घास छातीत अडकायला लागला तेव्हा एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेत खालपर्यंत कॅन्डिडा या बुरशीचे चट्टे. "हे कधीपासून? थायरॉइडची गोळी कधी लागली?" असं सलग विचारणारे ते पहिलेच डॉक्टर. त्यांनी इम्युनॉलॉजीकडे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे आधी घराण्याचा तक्ता काढला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आई-बाबांचं लग्न नात्यातलं का? आमच्याकडे मामाची मुलगी करणं नवलाचं नाही, पण हे दोघं नात्यातले नव्हेत. असते तर आई आणि बाबा दोन्हीकडून जनुकाची बिघडलेली प्रत आल्यावर होणारे आजार आधी तपासले असते, उदाहरणार्थ कार्ड९ जनुकाचा. त्यात बुरशी मेंदूपर्यंत जाऊ शकते. फुप्फुसात ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा संसर्ग झाला होता का, हेही विचारलं, कारण तसं असेल तर संशय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर जातो. माझी बुरशी तोंड, नखं, अन्ननलिका सोडून कुठेच गेली नव्हती. या जागा राखायला आयएल-१७ हे पेशींमधलं निरोप्या प्रथिन लागतं, तिथेच काही कमी असणार, असा डॉक्टरांचा अंदाज. रक्तात ते बनवणाऱ्या टीएच१७ पेशी मोजल्या, त्या नावालाच निघाल्या. मग एक्झोम, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी.

रिपोर्ट यायला बराच वेळ लागला. स्टॅट१ जनुक, एकाच प्रतीत बदल, प्रथिनात २७४ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. मला वाटलं होतं, काहीतरी कमी पडत असेल. उलटंच निघालं: माझं स्टॅट१ जरुरीपेक्षा जास्त काम करतं. इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्गाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा निरोप आला की ते चालू होतं आणि दारावरच्या बेलचं बटण अडकावं तसं चालूच राहतं. त्यामुळे टीएच१७ पेशी पुरेशा तयार होत नाहीत. थायरॉइडचाही याच्याशी संबंध आहे. स्टॅट१ च्या अशा बदलाचा या बुरशीशी संबंध जगासमोर आला तोच २०११ मध्ये. म्हणजे मी शाळेत असताना कुणीच हे निदान करू शकलं नसतं. जुन्या डॉक्टरांवरचा माझा निम्मा राग तिथेच उतरला, नजरांचा नाही.

आई-बाबांचंही रक्त तपासलं. दोघांत हा बदल नाही, माझ्यातच नव्याने आला. कागद वाचून दाखवल्यावर आईने दोनदा विचारलं, "म्हणजे माझ्याकडून नाही ना?"

आता फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी कायमची, अधूनमधून यकृताच्या तपासण्या. चट्टे वाढले की कल्चर करून, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, कॅन्डिडा औषधाला दाद देतो का बघायचं, कारण वर्षानुवर्षं एकच गोळी घेतली की तो निर्ढावतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत फुगवटा नाही ना, हे एमआरआयने पाहिलं. या आजारात तोही धोका असतो. रुक्सोलिटिनिब या गोळीचं नाव निघालंय. ती स्टॅट१ च्या आधीच्या पायरीवरच लगाम घालते, पण इतर संसर्गांना वाट मिळू शकते, म्हणून घाई नको असं ठरलं.

खरा गुंता मुलाचा आहे. प्रत्येक वेळी हा बदल बाळाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला फ्लुकोनाझोलचे मोठे डोस चालत नाहीत. यावर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि इम्युनॉलॉजिस्ट दोघांना एकत्र बसवायचंय. त्यांच्या वेळा जुळायची वाट पाहतेय.